पानाची मागची बाजू

भिंगकाका कुणाच्याही घरी गेले की आधी खिशातून भिंग काढायचे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या आमच्या मराठी मंडळात त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पेशानं केमिकल इंजिनिअर, स्वभावानं फौजदार. जेवायला बोलावलं तर आधी भिंतीवरचं चित्र तपासणार, मग वरणभाताकडे वळणार.

त्यांचा जीव जुन्या पुस्तकांच्या सुट्या पानांत. चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपात प्रकरणाचं पहिलं अक्षर वेलबुट्टीसकट लाकडी ठशावर कोरून छापत. तशा पानांचे गठ्ठे काका जुन्या बाजारांतून आणत. नवं पान हाती आलं की डोळे मिटून त्याच्या पाठीवर बोट फिरवायचे. म्हणायचे, "समोरची बाजू कुणालाही फसवते. ठसा दाबून छापला असेल, तर मागे उठाव लागतोच."

आमच्या दिवाळी अंकासाठी मला तसाच नक्षीदार 'म' कोरायचा होता. महिनाभर आढेवेढे घेऊन काकांनी नमुन्याला एक पान दिलं. आठवड्यानं मी ते परत केलं. दुसऱ्याच दिवशी फोन.

"हे माझं पान नाही. माझ्या पानात नक्षीतल्या वेलीच्या देठाजवळ पांढरा ठिपका आहे. ठशाला कीड लागली होती, त्या भोकात शाई धरत नाही. तू पान चेंज केलंस."

मी शपथा घेतल्या, व्यर्थ. पुढे दोन वर्षं मी दिसलो की काका पार्किंग लॉटमध्ये गाडीची दारं लॉक करायचे. राग यायचाच, पण वाईट जास्त वाटायचं. त्या गावात मला हक्कानं 'अरे' म्हणणारे तेवढेच एक होते.

मग त्यांचं पुण्याला परतायचं ठरलं. सामान बांधताना काकूंना देवघरातल्या गणपतीच्या फोटोमागे ठिपक्याचं पान सापडलं. चोरांच्या भीतीनं काकांनीच तिथे सरकवलं होतं आणि विसरले होते. मला दिलेलं पान त्याच ठशाचं, पण कीड लागण्याआधी छापलेलं. कुठल्यातरी गठ्ठ्यातून ते घरात आलं होतं.

काकांनी मला बोलावून घेतलं. माफी मागणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बराच वेळ ते भिंग पुसत राहिले.

"आयुष्यात एकच पान भिंग न लावता दिलं. तुला द्यायचं होतं म्हणून," ते म्हणाले. मग ते बिनठिपक्याचं पान त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "हे तुझं."

माझं बोट नकळत पानाच्या मागे गेलं आणि उठाव शोधू लागलं. काकूंचा चेहरा उतरला. काका मात्र दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.