बेटावरचा रिलीव्हर

कंपनीच्या बसमध्ये संत तुकाराम नगरपासून एक काका रोज माझ्या शेजारी बसायचे. नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण चाकण येईपर्यंत ते फक्त बेटाबद्दल बोलत. कोकणात पक्ष्यांसाठी राखलेलं एक बेट आहे आणि तिथे एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, एवढं त्यांना कुठूनतरी कळलं होतं. डब्याच्या झाकणावर कागद ठेवून ते गुरुवारच्या सुट्टीची सहल आखत. होडी पावणेआठला, चहा दहा मिनिटं, आणि पक्षी उशिरा आले तर ओव्हरटाइम.

"काका, जाऊन या की एकदाचे!" एके दिवशी मी वैतागलो.

"जाईन हो. पण निघायच्या वेळी माझा रिलीव्हर आला नाही तर?"

पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं.

"तिथे मशीन कुठंय?"

"पक्षी आहेत ना. ते काय तसेच सोडून यायचे?"

मी हात टेकले. "बरं, मी येतो रिलीव्हर म्हणून."

त्यांनी कागदावर मला सेकंड शिफ्टला टाकलं आणि काळजीने माझ्याकडे पाहिलं.

"मग तुम्हाला कोण सोडवणार?"

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. आता शेजारी कुणी नवीन बसलं, की मी आधी विचारतो, "गुरुवारी मोकळे आहात का?"