भूममध्ये शिवलेले दर्यावर्दी

सुई हातात असली की तोंड मोकळंच राहतं. त्यामुळं आमच्या शेडमध्ये कपड्यांपेक्षा किस्सेच जास्त तयार होतात. कपडे पार्सल होऊन निघून जातात, किस्से मात्र इथंच साठतात!

आम्ही भूमला व्हायकिंगांचे कपडे शिवतो. व्हायकिंग म्हणजे हजार वर्षांपूर्वीचे युरोपातले दर्यावर्दी. तिकडची हौशी माणसं सुट्टीत तसे कपडे घालून तंबूत राहतात. आमच्या मालकीणबाई, प्रज्ञाताई, यांनी हे समजावलं तेव्हा बेंबळीची मालन म्हणाली, "म्हंजे शिवजयंतीला पोरं मावळे होत्यात, तसंच की!"

"अगदी तसंच," ताई म्हणाल्या. झालं आमचं ट्रेनिंग!

समुद्र मात्र आमच्यापैकी कुणीच बघितलेला नाही.

*

पहिल्या ऑर्डरची मापं बघून मालन ओरडली, "ताई, दोन माणसांची मापं एकात लिवल्यात!"

ताईंनी विचारून घेतलं. माणूस एकच होता!

अंगरखा शिवून झाला, पण ट्रायल कुणावर घ्यायची? शेवटी पाण्याच्या पिंपावर चढवला. पिंपाला अगदी बेतात बसला. मालननं पिंपासमोर पाट मांडला, "बसा पावणं, च्या घेणार का?"

*

सरूमावशी आमच्यात सगळ्यात मोठ्या. व्हायकिंग खांद्यावरून पांघरायचे, त्या झग्यांची लोकर त्याच काततात. त्यांचे यजमान मेंढरं राखायचे आणि मावशींनी कातलेल्या लोकरीच्या घोंगडीची डोक्यावरून खोळ घेऊन रानात जायचे. निघताना मावशी रोज विचारायच्या, "जेवाया थांबू का?" ते वारले, मेंढरं विकली. मुलगा पुण्याला. "आई, घोंगडं टोचतं गं," म्हणतो आणि नेत नाही.

आमचा माल जायचा तिकडच्या दुकानदाराकडं. पुढं तो कुणाच्या अंगावर चढतो, कळायचं नाही. दर पार्सलला मावशी विचारायच्या, "घातल्यालं कवा बघाया मिळंल का गं?"

"मिळंल की, मावशी," आम्ही म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

*

कमरेला लावायच्या चामडी पिशव्यांची ऑर्डर आली. हुबेहूब आपली पानसुपारीची चंची! रिकामी पिशवी कुणाला देऊ नये, म्हणून मालननं गुपचूप प्रत्येकीत एक सुपारी टाकली.

दुकानदाराचा मेल आला. ताईंनी वाचून दाखवला, "लाकडी बटणं फार आवडली. गिऱ्हाइकांनी शिवून घेतली. पण प्रत्येकी एकच का पाठवलं?"

*

नजर लागू नये म्हणून मी प्रत्येक झग्याला आतून एक काळा टाका घालते. बाळाला तीट लावावी तसा. एका जाणकार गिऱ्हाइकानं तो शोधून काढला आणि विचारलं, "हा टाका कुठल्या उत्खननात सापडला?"

ताई खोटं बोलत नाहीत. त्यांनी सगळं खरं कळवलं. मला वाटलं, ऑर्डर गेली!

पुढच्या ऑर्डरीत खाली लिहिलं होतं, 'काळा टाका विसरू नये.'

*

आणि परवा दुकानदाराचा व्हिडिओ कॉल आला. तो समुद्रकाठच्या मेळ्यात होता. आम्ही सगळ्याजणी ताईंच्या मोबाईलवर तुटून पडलो.

"अगं बया, केवढं पाणी!" मालन म्हणाली. "अन् आपल्या नळाला आठवड्यातनं एकदा!"

दुकानदारानं मोबाईल फिरवला. एक उंच, दाढीवाला माणूस उभा होता. अंगावर आमचा झगा!

"मावशी, बघा! तुमची लोकर!"

मावशींना आम्ही पुढं बसवलं. तेवढ्यात तिकडं पाऊस आला. त्या माणसानं झगा उचलून डोक्यावरून खोळ घेतली, हातानं गळ्यापाशी धरली आणि आमच्याकडं पाठ करून तंबूंच्या दिशेनं चालू लागला.

आम्ही टाळ्या वाजवत होतो. मावशींनी डोक्यावरून पदर घेतला.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "त्यास्नी इचार की गं, जेवाया थांबू का?"