वायसर कपाटातच होता

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझा विश्वास पान्या-पकडीवर... आणि तिथेही मी काय दिवे लावले ते वाचाच.

सत्तरचं दशक संपत आलेलं. साकोलीपासून दोन कोसांवर आमचं गाव. अंगणातली हापशी कुरकुरायची, म्हणून मी ती स्वतःच खोलली. आतला चामड्याचा वायसर काढला, तो परत बसेना. मग नुसतंच झाकण आवळलं आणि वायसर कपाटात टाकला. त्याच्याशिवाय हापशी पाणी ओढत नाही. आठ दिवस आई नि वहिनी तळ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या आणि येता-जाता माझा उद्धार करत होत्या.

त्या दुपारी वहिनी धान उकडत होती. घरातलं होतं नव्हतं ते पाणी चुलीवरच्या मोठ्या गंजात. उतरवताना गंज कलंडला आणि उकळतं पाणी तिच्या उजव्या हातावर. वहिनी बिड्या वळायची. बोटं गेली तर तिच्या हातचं कामच गेलं.

आई म्हणे शेण लावा. शेजारचे काकाजी शाईची दौत घेऊन आले. मी – शाळेत स्काउटचा बिल्ला मिळवलेला शहाणा – टूथपेस्ट शोधत होतो. पाणी लावलं की फोड येतात, यावर मात्र तिघांचं एकमत!

वहिनी उठली आणि हापशीखाली हात धरून बसली.

"भाऊजी, हापसा जी."

"वायसर नाही ना वहिनी तिच्यात..."

"मले मालूम हाय. हापसा."

वैतागून, केवळ तिची खात्री पटावी म्हणून, दांडा मारला. पाणी आलं. थंडगार. वीसेक मिनिटं मी हापसत होतो, मागे शेण की शाई हा वाद चालूच. "बस झालं," वहिनी म्हणाली, आणि हापशी खरखरून कोरडी पडली.

हाताला धुतलेलं धोतर सैलसर गुंडाळून तिला साकोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यानं बोटं वाचली.

परतल्यावर आधी कपाट उघडलं. वायसर तिथेच, वाळून पापडासारखा.

वायसर तर बाहेरच आहे, असं ओरडून सांगितलं, पण ऐकतो कोण! आईनं जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक केलं, पोरानं हापशी दुरुस्त केली म्हणून. आणि दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा तेच – "काल चालली, मंग आज काहून नाही चालत?"

वहिनीला मात्र विचारलं, माहीत होतं तर तिथे बसलीस कशाला?

"हात जळून राहिला होता जी. अजून कोठी जाऊ?"

वायसर अजून माझ्याकडे आहे. कोणाला बघायचा असेल तर या.