तोफा नसलेलं जहाज

विमानवाहू जहाज लोकांना पाहायला खुलं होतं, म्हणून मी मामाला घेऊन गेले. तरुणपणी तो तोफांच्या युद्धनौकेवर होता. वर पोचलो तर समोर नुसता मैदानासारखा सपाट डेक. मामा भांबावून इकडेतिकडे पाहू लागला.

“मोठ्या तोफा कुठे आहेत?” त्याने तिथल्या तरुण अधिकारी मुलीला विचारलं.

“आता लागत नाहीत, काका. तोफगोळा पोचणार नाही इतक्या लांब आमची विमानं जातात. शत्रूचं जहाज इथून दिसतसुद्धा नाही.”

“आम्हाला दिसलं होतं,” मामा म्हणाला. “दुर्बिणीतून. डेकवर धावणारी माणसंही.”

तोफांची सद्दी संपली याचं त्याला वाईट वाटेल, असं मी धरून चालले होते. आता काहीच कळेना. ज्याला मारायचं तो दिसणं अधिक क्रूर, की न दिसणं? इतकी वर्षं त्याला काय दिसत राहिलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

उतरताना मामा थांबला. “न दिसलं तर विसरता येत असेल का गं?”

त्या मुलीलाच विचारावं असं वाटलं. पण ती हसत लोकांना विमान कसं झेपावतं ते समजावत होती, आणि माझा पाय तिच्याकडे वळेना.