काशीच्या नावेत जॅझचा धडा

रेल्वेच्या त्या डब्यात व्हायोलिन घेऊन काशीला निघालेली मी एकटीच असेन. समोरच्या आजोबांनी पेटीत काय आहे विचारलं, तेव्हा मी "वाद्य" एवढंच म्हणाले. त्यावर मी जॅझ शिकते, हे सांगायचं धैर्य नव्हतं.

आमचे गोव्याचे मास्तर मुंबईच्या एका हॉटेलातल्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतात आणि दुपारी आम्हाला शिकवतात. निघण्यापूर्वी त्यांनी माझ्यापुढचा नोटेशनचा कागद काढून घेतला. "आता स्वतःचं वाजव." मी दोन स्वर वाजवले आणि थांबले.

"वाचतेस चांगलं गो, बाय. पण परत आल्यावर धुनेची अख्खी एक फेरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मनाची वाजवून दाखव. नाहीतर आपल्या जलशातला सोलो, एकट्यानं वाजवायचा तुकडा, दुसऱ्याला देईन."

कॉन्व्हेंटात व्हायोलिनच्या वर्गात मी चुका टाळायला शिकले होते. मनाचं वाजवायला कुणी शिकवलंच नव्हतं.

काशीत मामेभावाचं घर पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. पहाटे वहिनीनं मलइयो (केशर घातलेला दुधाचा फेस) खाऊ घातला. मला फेसाची मिशी आली, ती पुसायच्या आधीच वहिनीनं मला व्हायोलिनसकट नावेत बसवलं. वहिनी इथल्याच मराठी कीर्तनकाराची मुलगी.

"वाजवा ना, वन्सं."

"कागद नाही."

"कागद कशाला? एकच ओळ घ्या आणि बोल बनवा (तेच शब्द दर वेळी नव्या भावानं म्हणा)." तिनं फळीवर ठेका धरला आणि आर्जवानं गायली, "नाव लगा दे किनारे..."

नावाड्यानं नाव किनाऱ्याकडे वळवली.

"अरे भैया, गाना है!"

त्यानं नाव पुन्हा धारेत घातली. वहिनीनं तीच ओळ रागावून म्हटली. नाव परत वळली. लाडात म्हटली, तेव्हा तो बिचारा वल्ही वर धरून बसून राहिला. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण एक लक्षात आलं. वहिनी शब्द कितीही लांबवो, मध्येच थांबो, ठेक्याच्या पहिल्या घावावर नेमकी परत येत होती.

मी बँडच्या एका धुनेचे पहिले चार स्वर घेतले, आणि जोशात भरकटले.

"वन्सं, कुठे गेलात? परत या!"

दुसऱ्यांदा कमी वाजवलं. एक स्वर मुद्दाम उशिरा आणला, एक गाळलाच, आणि घावावर परतले.

नावाडी मागे वळला. "बहूजी, बिटिया रूठल बा का?" (मुलगी रुसली की काय?)

मी रुसले नव्हते. व्हायोलिन रुसलं होतं! मग राजा घाटापर्यंत मी त्याची समजूत काढत राहिले, आणि घाटावर स्नान करणारे डोकं वर काढून बघू लागले, तरी थांबले नाही. मी!

मुंबईत परतल्यावर मास्तरांनी पुन्हा कागद काढून घेतला. मी आधी रुसवा वाजवला, मग समजूत. मध्ये एक स्वर चुकला. एरवी मी तिथेच थांबले असते. या वेळी तोच स्वर पुन्हा दोनदा वाजवला, आणि तो तिथलाच वाटायला लागला. मास्तरांनी ट्रंपेट उचलून त्याला उत्तर दिलं.

"सोलो तुझा," फेरी संपल्यावर ते म्हणाले. "पण असं चुकायला कुठे शिकलीस गो?"

"काशीला," मी म्हणाले.