तेहतीस सेंटिमीटर

दुपारी एक ते चार दवाखाना बंद असतो आणि मी पेशंटच्याच खुर्चीवर आडवी होते. दुखऱ्या मानेला अख्ख्या विट्यात याहून बरी जागा नाही. छातीवर लूप्सच्या कंपनीतल्या मुजावरनं सकाळी दिलेली लूप्सची नमुन्याची फ्रेम आहे. चष्म्यावर बसवलेली दोन छोटी भिंगं, दात अडीचपट मोठा दाखवणारी. लूप्स ब्लाउजसारखे मापानं करून घ्यायचे असतात, एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. म्हणून मुजावरनं माझ्या डोळ्यापासून दातापर्यंतचं अंतर टेपनं मोजलं आणि फॉर्मवर लिहिलं, तेहतीस सेंटिमीटर. चार वाजता तो फॉर्म न्यायला येईल. एकदा भिंगं बसली की तेवढ्याच अंतरावरून स्पष्ट दिसतं, ते बदलता येत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलंय, अशाच वाकत राहिलात तर दोन वर्षांत उजव्या हाताची बोटं काम सोडतील. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

डोळे मिटतात. बेसिनमध्ये थेंब पडतो, मग दुसरा, आणि कुणीतरी म्हणतं, "तेहतीस बरोबर आहे. तेच ठेव."

तगारे सर. कॉलेजातले माझे सर, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. स्मृतिसभेत मला त्यांच्यावर बोलायला लावलं होतं आणि मी बोललेही, निर्लज्जासारखी गोड गोड. मेल्यावर माणूस जरा नरमतो असं ऐकून होते. हे तसेच आहेत. इस्त्रीचा पांढरा कोट आणि उजव्या हातात पोवळ्याची अंगठी.

"डॉक्टरनं वाकूनच काम करायचं असतं, शिंत्रे. भिंगं कशाला? देवानं डोळे दिलेत ना?"

ती अंगठी माझ्या मानेला पाठ आहे. 'दिसत नाही? मग जवळ जा,' असं म्हणून सर सगळ्या बॅचसमोर माझी मान मागून दाबायचे आणि पोवळं मणक्यावर रुतायचं.

माझ्या दवाखान्यात एकच खुर्ची आहे. आता तीस आहेत. कॉलेजचा लांबलचक हॉल, सगळे दिवे लागलेले आणि सातव्या खुर्चीवर खोतबाई, पर्स मांडीवर घेऊन. त्यांच्या दाढेत रूट कॅनालची सुई तुटली ती सरांच्या हातून. मी नुसती दिवा धरून उभी होते. सरांनी केसपेपरवर लिहिलं, 'सुई तुटली. डॉ. शिंत्रे.' माझं वर्ष गेलं. वर्षाचं मी सोसलं असतं. पण तेव्हापासून पंधरा वर्षं मी प्रत्येक दाढेत नाक घालून बघतेय, सुई पुन्हा तुटू नये म्हणून. जी मी तोडलीच नव्हती.

"अजून टोचतंय हो, डॉक्टर," खोतबाई म्हणतात.

मी सरांना स्टुलावर बसवते आणि फ्रेम त्यांच्या डोळ्यांवर चढवते.

"बघा. काय दिसतं?"

"धूसर आहे."

"दिसत नाही? मग जवळ जा." मी मागून त्यांची मान धरते. "वाका सर. अजून वाका."

काय बरं वाटतं म्हणून सांगू! हात भरून येईतो दाबते. त्यांचा कोट चुरगळतो, केस कपाळावर येतात, आणि सगळी बॅच भिंतीला टेकून बघत उभी आहे. मला हवी होती तशीच.

"मानेत कळ येतेय गं."

"मला रोज येते. सुई कुणी तोडली?"

मी अजून दाबते.

"चाळिशी लागली होती मला. जवळचं दिसत नव्हतं. सगळ्यांदेखत चष्मा लावायचा कसा?"

"म्हणून माझं नाव?"

"तू शेजारी उभी होतीस."

एवढंच. पंधरा वर्षं मी कारण शोधत होते आणि कारण हे निघालं. मी दोन्ही हातांचा जोर लावते.

"आता सोड. माफ कर. मी मेलोय, शिंत्रे."

"म्हणून काय झालं?"

माझ्या बोटात पोवळ्याची अंगठी आहे. ती कधी आली कळत नाही. हाताखालची मान बारीक होत जाते, मग बोटांना वेणी लागते. सर बाजूच्या खुर्चीवर ताठ बसलेत, पायावर पाय टाकून. वाकलेली आहे ती मी. दाबतेय तीही मीच.

"तेहतीस," सर समाधानानं म्हणतात. "तेच ठेव म्हटलं होतं ना?"

मी हात झटकते.

"मॅडम? चार वाजले," दारातून मुजावर म्हणतोय. "फॉर्म नेऊ का?"

मी उठून बसते. तोंड कोरडं पडलंय. उजव्या हाताचं बोट ठणकतंय म्हणून बघते, तर बोटाच्या मुळाशी लालभडक गोल वळ आहे. दवाखान्यात मी अंगठी घालत नाही. घरीही घालत नाही.

"माप परत घे," मी म्हणते.

"सकाळीच घेतलंय की, मॅडम."

"सकाळी मी वाकून बसले होते. सवयीनं. तूही बोलला नाहीस."

मी स्टुलावर बसते, पाठ ताठ करते, खांदे सोडते. मुजावर टेप धरतो, आकडा वाचतो, पुन्हा धरतो.

"चव्वेचाळीस! अकरा सेंटिमीटरचा फरक पडला, मॅडम."

"तेहतीस खोड."

तो खोडतो. मग पेन तसंच धरून विचारतो, "फ्रेमवर नाव कोरून मिळतं. काय घालू? काही जण आपल्या सरांचं घालतात."

मला हसू येतं, आणि ते चांगलं हसू नाही. सरांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. पण त्यांची मान दाबायला आता माझी मान मिळणार नाही.

"माझं घाल. डॉ. नीलांबरी शिंत्रे, पूर्ण," मी सांगते आणि त्या वळावरून हातमोजा चढवते. "पहिल्या पेशंटला आत पाठव जाता जाता."