दहावं कलम हवं, अकरावं नको

सिनान मानिदोंग खासदार झाली हे कळलं तेव्हा आमच्या बेटावर लोक आधी हसले. बरीच वर्षं ती आमच्या रेडिओवर हवामान आणि बोटींच्या वेळा सांगायची. मी तिच्या शेजारच्या खोलीत बसून यंत्रं सांभाळायचो. वारा वाढला की "ताइतुंगची बोट आज सुटणार नाही" हे वाक्य तिच्याच तोंडून यायचं. मग ज्याचं औषध, सिमेंट नाहीतर पाहुणा पलीकडे मुख्य बेटावर अडकला असेल, तो तिच्याच नावाने बोटं मोडायचा. वाटेत बायका विचारायच्या, "काय ग, उद्या तरी बोट सोडशील का?"

"तुझ्या नवऱ्याला पाठव समुद्राशी बोलायला," ती म्हणायची. "माझं काही तो ऐकत नाही."

लहानपणी ती सी इवांग होती. पहिला मुलगा झाला, त्याचं नाव मानिदोंग ठेवलं, आणि त्या दिवसापासून ती सिनान मानिदोंग झाली, म्हणजे मानिदोंगची आई. नवरा झाला स्यामान मानिदोंग, मानिदोंगचा बाप. आमच्या ताव लोकांत असंच असतं. मूल झालं की आईबापाचं जुनं नाव सुटतं, नातवंड झालं की तेही सुटतं. जुन्या नावाने हाक मारली तर माणूस वळत नाही, आणि वळूही नये.

खासदारकी तिच्याकडे आली ती आडवाटेने. एका छोट्या विरोधी पक्षाला आपल्या यादीत आदिवासी बाई हवी होती. कोणीतरी तिचं नाव सुचवलं. यादीत ती इतकी खाली होती की तिने नवऱ्याला सांगायचंही मनावर घेतलं नव्हतं. पक्षाच्या दोन जागा आल्या. अर्ध्या मुदतीनंतर निवडून आलेल्यांनी उतरायचं आणि मागच्यांना चढवायचं, असा त्या पक्षाचा नियम. मधल्या एकाने प्रकृतीचं कारण सांगून माघार घेतली, आणि अळूच्या शेतात चिखलात उभी असताना सिनान मानिदोंगला फोन आला.

"किती दिवस?" नवऱ्याने विचारलं. तो होडी कोरत होता.

"दोन वर्षं."

"मग अळू कोण बघणार?"

"तू."

"ते बायकांचं काम आहे," तो म्हणाला, आणि तिची बहीण येऊन बघेल असं ठरलं.

राजधानीत तिला मदतनीस म्हणून यी-हान नावाची मुलगी मिळाली. शहरातली, चलाख, बोलायला फटकळ. बाकावरच्या पाटीवर कोणतं नाव लिहायचं असं तिने विचारलं. सरकारी कागदांवर सिनान मानिदोंगचं एक चिनी नावही होतं, शाळेत मास्तरांनी चिकटवलेलं.

"ते नको," सिनान मानिदोंग म्हणाली. "त्या नावाने मला फक्त छड्या मिळाल्यात."

"मग मुलाच्या नावाने बसणार तुम्ही सभागृहात?"

"तुझ्या पाटीवर बापाचंच आडनाव आहे ना? त्याने तरी तुला विचारून दिलं होतं का?"

यी-हानने पाटी करून आणली.

विरोधी बाकावरच्या दोन माणसांच्या पक्षाला काम असतं ते बहुतेक विचारण्याचं. उत्तर देणारा मनात येईल तेव्हा देतो. ती विचारत राहिली. आमच्या बेटाच्या दक्षिण टोकाला अणुकचऱ्याची पिंपं ठेवली आहेत. आजोबांच्या पिढीला वाटलं होतं की तिथे मासळीचा कारखाना होतोय. ती पिंपं कधी हलणार, असं तिने प्रत्येक अधिवेशनात विचारलं, आणि प्रत्येक वेळी "जागेचा शोध चालू आहे" हे उत्तर घेतलं. किनाऱ्यावर हॉटेलं बांधण्याच्या परवानग्यांबद्दल विचारलं. आणि घरांबद्दल विचारलं.

घरांची गोष्ट जुनी. आमची मूळ घरं जमिनीत रुतलेली. वादळ वरून निघून जायचं, खाली माणसं निवांत. सरकारला ती घरं मागासलेली वाटली. ती पाडून सिमेंटची बांधून दिली, तीही समुद्राची वाळू घालून. आतल्या सळया गंजून फुगल्या आणि स्लॅबचे पोपडे डोक्यावर पडू लागले. पुढे लोकांनी आपापली घरं बांधायला घेतली, पण जमिनीचा उतारा कोणाकडेच नाही. आमच्याकडे जमीन घराण्याची असते. हद्द कुठे आहे ते शेजारी सांगतो. उतारा नाही म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. गावभर सळया वर काढून उभी असलेली अर्धी घरं दिसतात.

त्यातलं एक तिच्या धाकट्या भावाचं, स्यामान नोवायचं. तो बायकोमुलांसह अजून जुन्या सिमेंटच्या घरातच राहत होता. आदल्या हिवाळ्यात तिथला एक तुकडा त्याच्या बायकोच्या खांद्यावर पडला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून तिला टोपली उचलता येत नाही.

सिनान मानिदोंगने एक कलम लिहून मांडलं. उताऱ्याऐवजी घराण्यातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांची साक्ष चालावी, आणि त्यावर परवाना मिळावा. कोणी दखल घेईल असं तिला वाटलं नव्हतं. पण सरकारने आदिवासी भागांसाठी एक विधेयक आणलं आणि त्यात तिचं कलम जवळजवळ जसंच्या तसं दहाव्या जागी घातलं. तिने ते वाचून यी-हानला मिठी मारली. मग पान उलटलं.

अकराव्या कलमात लिहिलं होतं की आदिवासी जमिनीवर साठवण, खाण किंवा प्रकल्प असेल तर यापुढे गावसभेची संमती घ्यायची गरज नाही. स्थानिक कार्यालयाच्या प्रमुखाची सही पुरेल.

सरकारी पक्षाचे प्रतोद लियाव यांनी तिला चहाला बोलावलं. माणूस गोड होता.

"ताई, तुमचं घराचं कलम आम्ही घेतलं. आता तुम्ही आमच्या बाजूने हात वर करा."

"अकरावं काढा, दोन्ही हात वर करते."

"दोन्ही जोडीनेच जातील."

"सही एका माणसाची. तो माणूस मेला, विकला गेला, घाबरला, तर?"

"तुम्ही निवडता की त्याला."

"आम्ही त्याला रस्त्यातले खड्डे बुजवायला निवडतो, लियाव साहेब."

ते हसले आणि त्यांनी पुन्हा चहा ओतला. जाताना म्हणाले, "विरोधात बसून घर बांधून झालेलं मी तरी पाहिलेलं नाही."

ती बेटावर आली तेव्हा उडत्या माशांचा हंगाम होता. घरोघरी चिरलेले मासे बांबूवर वाळत होते. आधी ती भावाकडे गेली. तो आपल्या अर्ध्या घराच्या पायरीवर बसून विडा चघळत होता.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "दहावं कलम आलंय. कधी होतंय?"

तिने अकरावं सांगितलं. त्याने लाल पिंक टाकली.

"बरं. मग?"

"मग काय? उद्या आणखी पिंपं आणायची म्हटली तर तुला कोणी विचारायलाही येणार नाही."

"आत्ता तरी कोण विचारतंय ताई? आहेत ती विचारून आणली होती का?"

"नव्हती. म्हणून तर ती संमती भांडून मिळवली."

"संमतीच्या खाली झोपता येतं का?" त्याने आत बोट दाखवलं. बायको एका हाताने रताळी सोलत होती. "हिच्या खांद्याला सांग तुझं अकरावं कलम. नोवायचं लग्न ठरत नाही, मुलीचा बाप विचारतो घर कुठंय. तू राजधानीत राहतेस, तुझ्या डोक्यावर सरकारी स्लॅब आहे. पडत नाही तो."

त्याची बायको आतून म्हणाली, "माझा खांदा मधे आणू नका तुम्ही."

दुसऱ्या दिवशी चर्चच्या आवारात गावसभा झाली. मीही होतो. निम्मे लोक म्हणाले, घर घ्या, पुढचं पुढे. निम्मे म्हणाले, नको. एक म्हातारा उठला आणि म्हणाला की हंगामात असल्या अभद्र गोष्टी बोललं तर मासे येत नाहीत, आणि निघून गेला. त्याच्यामागे आणखी काही गेले. ठराव काही झाला नाही. शेवटी सिनान मानिदोंग म्हणाली, "दोन्ही एकत्र आली तर मी विरोधात मत देणार. तुमच्यातल्या अर्ध्यांना ते आवडणार नाही, हे मला माहीत आहे."

"अर्ध्यांना नाही," भाऊ मागून म्हणाला. "मोजून बघ."

तो त्यानंतर तिच्याशी बोलला नाही.

विधेयक समितीपुढे होतं. समितीचे अध्यक्ष फान मोठ्या विरोधी पक्षाचे. त्यांना आमच्या बेटाशी देणंघेणं नव्हतं, पण सरकारची फजिती करायला ते एका पायावर तयार असत. सिनान मानिदोंगने त्यांना एवढंच मागितलं की प्रत्येक कलमावर वेगळं मत घ्या. ते म्हणाले, "तसा प्रस्ताव तुम्ही मांडा, मी तो दाखल करून घेतो." समितीत सरकारचं बहुमत अगदी काठावरचं होतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी तिला नवऱ्याचा फोन आला. सून दोन दिवसांपूर्वी बाळंत झाली होती.

"नाव ठेवलं," तो म्हणाला. "कालियान. आता तू स्यापेन कालियान. मीसुद्धा."

"मुलगी कशी आहे?"

"रडते. तुझ्यासारखा आवाज आहे."

समितीत फान यांनी पुकारलं, "प्रस्ताव, सदस्य सिनान मानिदोंग." ती बसूनच राहिली. यी-हानने मागून ढोसलं. फान यांनी पुन्हा पुकारलं. लियाव लगेच उठले. प्रस्तावक गैरहजर आहेत, प्रस्ताव रद्द करावा, अशी त्यांनी हरकत घेतली. सगळे तिच्याकडे बघत होते, कारण ती समोरच बसलेली होती.

मग ती उठली.

"अध्यक्ष महाराज, आपण जिला हाक मारलीत ती आज सकाळी, नातीचं नाव ठेवलं तेव्हा, आजी झाली. माझं नाव आता स्यापेन कालियान. आमच्यात जुन्या नावाला ओ देणं नातीला अपशकुन असतो. पण प्रस्ताव जिने लिहिला ती मीच. मला नव्या नावाने बोलू द्या, नाहीतर नियम दाखवा की आजी झालं की खासदारकी जाते."

समिती हसली. फान म्हणाले, "अभिनंदन. बोला, आजी." इतिवृत्तात त्या दिवशी एकाच जागेवर दोन बायकांची नावं पडली. ते दुरुस्त करून घ्यायला पुढे महिनाभर यी-हान सचिवालयाच्या खेपा घालत होती.

हरकत बारगळली, आणि फान यांनी अध्यक्षाच्या अधिकारात वेगळं मत घ्यायचं ठरवलं. दहावं कलम मंजूर झालं. अकराव्याच्या वेळी सरकारी पक्षातला डोंगरी मतदारसंघाचा एक सदस्य फोन आला म्हणून बाहेर गेला आणि मत होईपर्यंत परतलाच नाही. अकरावं एका मताने पडलं, तेही अध्यक्ष फान यांच्या. यी-हान टाळ्या वाजवायला निघाली होती, पण आजीने तिचा हात धरला. ती लियाव यांच्याकडे बघत होती. ते कागद गोळा करत होते.

त्याच आठवड्यात सरकारने सगळं विधेयक मागे घेतलं. गावसभेची संमती वाचली आणि घराचं कलमही गेलं.

तिची मुदत संपली आणि ती परत आली. रेडिओवर तिच्या जागी दुसरी मुलगी आली होती. स्यापेन कालियान अळूत काम करू लागली आणि नातीला पाठीवर बांधून हिंडू लागली. काही जण तिला मान देत. काही तिला बघितलं की आपल्या गंजलेल्या सळयांकडे बघत. भावाच्या घरावरून जाताना ती मान वळवायची नाही, आणि तोही. नोवाय लग्न ठरेना म्हणून कंटाळून मुख्य बेटावर बांधकामावर गेला.

निवडणूक होऊन सरकार बदललं. नव्या सरकारच्या एका सदस्याने घराचं कलम पुन्हा आणलं, एकट्यानेच, अकराव्याशिवाय. शब्दसुद्धा तिचेच होते. ते मंजूर झालं. तो सदस्य बेटावर आला तेव्हा त्याचा सत्कार झाला आणि त्याला मानाचा चांदीचा टोप घालून होडीत बसवलं. मी तिला विचारलं, "तुझं नाव कोणी घेतलं नाही. राग येत नाही?"

"येतो," ती म्हणाली. "त्याला होडीत नीट बसतासुद्धा आलं नाही. एका बाजूला कललेला होता."

भावाचं घर पुरं झालं. नव्या घराच्या सोहळ्याला घरावर आणि अंगणात अळूच्या कंदांचा ढीग घालावा लागतो. ढीग लहान असेल तर पाहुणे तोंडावर काही बोलत नाहीत, गाण्यात बोलतात. पण त्याच्या बायकोचा खांदा अधू, तिची शेतं अर्धी पडीक. एका सकाळी स्यामान नोवाय बहिणीच्या अळूच्या बांधावर येऊन उभा राहिला. मी पलीकडे पाट साफ करत होतो.

"अळू बरं आलंय," तो म्हणाला.

"आलंय."

"खूप आहे."

"आहे."

तो बांधावर उकिडवा बसला. "कालियानच्या आजी, मागायला आलोय."

"किती?"

"ढीग नीट दिसेल एवढं."

"तुझं घर मोठं आहे. सगळंच लागेल," ती म्हणाली, आणि वाकून उपटायला लागली.

सोहळ्याला तिच्याच शेतातलं अळू सगळ्यात वर दिसत होतं. पाहुण्यांनी रीतीप्रमाणे गाणी म्हटली, यजमानाने रीतीप्रमाणे आपलं घर किती सामान्य आहे ते गाऊन सांगितलं. डुक्कर कापल्यावर वाटे झाले. बहिणीच्या वाट्याला त्याने यकृताचा मोठा तुकडा ठेवला. नोवाय सुट्टी काढून आला होता. त्याच्याबरोबर एक मुलगी होती, तिचा बाप स्लॅबकडे मान वर करून बघत होता.

जेवणं झाल्यावर बहीणभाऊ नव्या पायरीवर बसले. पिंपांबद्दल पुढच्या महिन्यात गावसभा होती. नवं सरकार नुकसानभरपाई द्यायला तयार होतं आणि पिंपं हलवायची तारीख मात्र सांगत नव्हतं.

"तू काय बोलणार?" भावाने विचारलं.

"तारखेशिवाय पैसे घ्यायचे नाहीत."

"मी म्हणणार, घ्या."

"म्हण."

"अळू दिलंस म्हणून मी गप्प बसेन असं वाटलं होतं का तुला?"

"नाही," ती म्हणाली. "पण सभेला वेळेवर ये. मागच्या वेळी मागे उभा राहून ओरडलास, मला नीट ऐकूच आलं नाही."

त्याने चुना लावून विडा केला, आधी तिला दिला, मग स्वतःसाठी दुसरा करायला घेतला.